चिमटा बदलायचा नाही

माझ्या भाच्याच्या कामाच्या खोलीत भिंतीवर तीन दोऱ्या ताणून बांधल्या आहेत आणि त्यांवर कपड्यांचे चिमटे लावले आहेत. घरात पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, ही माणसं मोजे खोलीत वाळत घालतात. पण त्या दोऱ्यांवर कपडा कधीच नसतो. चिमट्यांत असतात पुठ्ठ्याची छोटी कार्डं आणि प्रत्येक कार्डावर एका कंपनीचं नाव. तेही आम्ही ठेवलेलं. बाटल्यांना झाकणं करणारी ती झाकणवाली, शाळेच्या वह्या करणारी ती वह्यावाली. बाजारातली खरी नावं लांबलचक आणि भारदस्त असतात, पोरांच्या डोक्यात राहत नाहीत. कंपनी काय करते हे नावातच असलं की निदान तेवढं तरी विसरायला होत नाही.

वरच्या दोरीवर लाल चिमटे, मधल्या दोरीवर निळे, खालच्या दोरीवर पांढरे. सकाळी घेतलेला शेअर त्याच दिवशी विकायचा असेल तर कार्डाला लाल चिमटा. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने ठेवायचा असेल तर निळा. वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर पांढरा. चिमटा लावताना दोन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: कधीपर्यंत ठेवणार, आणि काय झालं की आपलं चुकलं असं मानणार. मनातल्या मनात बोललेलं चालत नाही. आणि एकदा लावलेला चिमटा बदलायचा नाही. घराचा कायदा म्हणाल तर एवढाच.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या मोठ्या नातीमुळे. मी आयुष्यभर शेअर दलालाच्या कचेरीत सौदे टाकण्याचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर भाच्याकडे राहायला आले. तेव्हा ही पोर पहिली-दुसरीत असेल. तिला घरात वकील म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट ती उलटतपासणी घेतल्याशिवाय मान्य करत नाही. तिच्या पाठीमागे सतत फिरणारी धाकटी, ती शेपूट. शेपटीला या नावाचा राग नाही, उलट कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही.

तर ही वकील एकदा मला म्हणाली, "आत्याआजी, सगळ्यात चांगला शेअर कुठला?"

मी तिला दाराशी नेलं. तिथे घरातल्या सगळ्यांची पायताणं पडलेली. "यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?"

"आईचे उंच टाचांचे सँडल," ती लगेच म्हणाली.

"घाल आणि जिना चढून गच्चीवर जाऊन ये."

ती गेली. दुसऱ्या पायरीवर बसली. तिथूनच ओरडली, "पण कुठे जायचंय ते आधी सांगायला नको?"

माझा सगळा धडा तिनेच सांगून टाकला. मी पुढे इतकी वर्षं फक्त त्याचे बारकावे शिकवत राहिले. चिमट्यांची कल्पनाही तिच्यामुळेच सुचली. त्या वयात तिला कपडे वाळत घालायचा नाद होता, चिमट्यांची टोपली ती कोणाला हात लावू देत नसे. मग म्हटलं, चला, त्यांनाच कामाला लावू.

वरची लाल दोरी भाच्याची. तो घरूनच सौदे करतो आणि काम सुरू झालं की खुर्चीतून हलत नाही. चहा निवून त्यावर साय धरते. त्याच्या कामाला चपळ शेअर लागतात. दिवसभरात चांगले वर-खाली होणारे, आणि मुख्य म्हणजे घेणारे-विकणारे भरपूर असलेले, म्हणजे नको झाला की त्या क्षणाला विकता येतो. कंपनी दहा वर्षांनी असेल की नसेल याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. बाजार बंद झाला की त्याची दोरी रिकामी झाली पाहिजे. संध्याकाळी लाल दोरी रिकामी दिसणं ही त्याच्या कामाची शोभा, आणि बरीच वर्षं ती त्याने राखली होती. मी त्याच्याइतकी शिस्तीची माणसं कचेरीतही फार पाहिली नाहीत. हे मी माझा भाचा म्हणून सांगत नाही. बरं, थोडंसं म्हणूनही सांगते.

मधली निळी दोरी त्याच्या बायकोची. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. नवऱ्याने सुरुवातीला तिला आपल्यासारखे सौदे शिकवायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, मी सुई धरू की फोन? पेशंट बोंबलेल." तिला संगणकाचा पडदा बघायला सुट्टीच्याच दिवशी वेळ मिळतो, म्हणून तिचे शेअरही तसे. हळूहळू वर निघालेला एखादा बघायचा, खाली एक रेघ ठरवायची, ती ओलांडली तर विकायचा, नाहीतर काही आठवडे त्याच्या वाटेला जायचं नाही. शाळा सुरू होण्याच्या आधी वह्यावालीचं कार्ड तिच्या दोरीवर हटकून दिसतं.

खालची पांढरी दोरी दोघी मुलींची. त्यांच्या मोठेपणासाठी. तिच्यावर काय लागायचं ते आजवर बहुतेक मी ठरवत आले. यंदा मात्र असं ठरलं, की वकिलीणबाईंच्या वाढदिवसाच्या रविवारी ती दोरी तिच्या ताब्यात द्यायची. खातं आईच्याच नावावर, पण शब्द हिचा. अट एवढीच की तिने स्वतः एक कंपनी निवडायची आणि सगळ्यांसमोर तिची बाजू मांडायची. बाप प्रश्न विचारणार. पटलं तर दोरी तिची, नाही पटलं तर पुढच्या वाढदिवसाला बघू.

तिने निवडली झाकणवाली. बापाने कार्ड बघितलं आणि हसून लोटपोट झाला. "हे कासव? अगं, महिनाभर बघत बसलीस तरी हलायचं नाही."

"मी महिनाभर बघणारच नाहीये," वकील म्हणाली. "मला शाळा आहे."

"आणि दादासाहेबांना नको होईल तेव्हा विकता पण येत नाही पटकन," आई हातातलं काम न थांबवता म्हणाली. दादासाहेब म्हणजे तिचा नवरा. तो फार ऐटीत बोलायला लागला की ती त्याला असं म्हणते.

शेपूट म्हणाली, "कासव मला आवडतं."

"तुला मत नाहीये," वकील म्हणाली.

"का? दोरी दोघींची आहे!"

वकिलाने कार्ड तिच्यापुढे धरलं.

वाढदिवसाच्या आधीचा शुक्रवार. सकाळी बॅटऱ्या करणाऱ्या एका नव्या कंपनीची काहीतरी बातमी आली आणि तिच्या शेअरवर झुंबड उडाली. भाच्याच्या भाषेत अगदी नमुनेदार दिवस. त्याने कार्ड तयार केलं: बॅटरीवाली. वकील दप्तर पाठीला लावून दारात उभीच होती, बुटाची नाडी बांधत. त्याने लाल चिमटा लावला आणि कायद्याप्रमाणे मोठ्याने म्हणाला, "दुपारपर्यंत. आणि या आकड्याच्या खाली गेला की बाहेर." त्याने आकडाही सांगितला.

"ऐकलं," वकील म्हणाली आणि शाळेत गेली.

शेअर थोडा वर गेला आणि मग जो घसरायला लागला, तो थांबेना. मी त्या खोलीतल्या खिडकीशी शेपटीच्या फ्रॉकला बटण लावत बसले होते. सांगितलेला आकडा आला आणि गेला. भाच्याचा हात माउसवर होता, पण बोट हललं नाही.

"गेला की रे," मी म्हटलं.

"येईल वर. सगळे घाबरून विकतायत, आत्या. बातमी चांगली आहे."

इतकी वर्षं कचेरीत बसून मला एक खूण कळते. माणूस पडद्याकडे बघत असतो तेव्हा पुढे झुकलेला असतो. पडद्याची समजूत घालायला लागला की मागे रेलतो. भाचा मागे रेलला होता.

बाजार बंद व्हायला थोडा वेळ उरला तसा तो उठला. दिवसाच्या सौद्यात शेअर विकायचा नसेल तर पूर्ण पैसे भरून तो ठेवून घेता येतो. त्याने तेच केलं. मग भिंतीशी गेला, लाल चिमटा काढला, कार्ड खालच्या दोरीवर नेलं आणि त्याला पांढरा चिमटा लावला. तोंडातून शब्द काढला नाही.

"पैसे कुठले भरलेस?" मी विचारलं.

"मुलींच्याच खात्यातले. पडूनच होते ना."

पडून नव्हते. झाकणवालीसाठी ठेवलेले होते. रविवारी वकील पहिला चिमटा लावणार ती त्याच पैशांच्या जोरावर.

"आणि दोरी कोणाची?"

"रविवारपासून तिची. आज शुक्रवार आहे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग थोडा नरमला. "आत्या, कंपनी मुळात दणकट आहे गं. पाच वर्षांनी तिलाच बरं वाटेल. बॅटऱ्यांचाच जमाना येणारे."

मी बटणाचा दोरा दाताने तोडला आणि गप्प बसले. मला बोलता आलं असतं. भाच्याला मी त्याच्या लहानपणी कान धरून अभ्यासाला बसवलेलं आहे, आजही तो माझं ऐकतो. पण मी बोलून तो चिमटा परत लाल झाला असता, तर तो माझ्यामुळे झाला असता. ज्या पोरीला रविवारी दोरी मिळणार होती तिला ती संभाळता येते का, हे मला कळलंच नसतं.

वकील शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि सवयीने भिंतीकडे बघितलं. वरची दोरी रिकामी. ती वळणार एवढ्यात थांबली. खाली वाकून कार्ड वाचलं.

"बाबा, हा लाल होता."

"आता पांढरा आहे."

"पण तू दुपारपर्यंत म्हणालास. मी ऐकलंय. नाडी बांधत होते मी."

"हो. मग नंतर माझ्या लक्षात आलं की कंपनी लांबच्या मुदतीला पण चांगली आहे."

"कधी लक्षात आलं? वर असताना की खाली आल्यावर?"

भाच्याने पेन उचललं, खाली ठेवलं. मग म्हणाला, "वकिलीणबाई, रविवारी तुमची परीक्षा आहे, माझी नाही. कासवाचा अभ्यास करा जा."

ती गेली. पण कासवाचा अभ्यास करायला नाही. ती माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली आणि पाय हलवत राहिली. शेपूटही आली आणि शेजारी बसून तसेच पाय हलवू लागली.

"आत्याआजी, चिमटा बदलायचा नाही हा नियम मोठ्यांना पण आहे ना?"

"कोणी केला नियम?"

"तू आणि बाबाने."

"मग?"

तिचा चेहरा मला वाचता येतो. "मी हे रविवारी बोलले," ती म्हणाली, "तर बाबा चिडेल. परीक्षा तोच घेणारे. दोरी देणार नाही मला. आणि नाही बोलले तर देईल. झाकणवालीचं सगळं पाठ आहे माझं."

"पैसे मात्र नाहीत तिच्यासाठी."

"ते पुढच्या वेळी येतील. दोरी तर मिळेल."

"बरं. दोरी मिळाली. मग पुढच्या महिन्यात बाबाचा आणखी एक फसला. तो कुठे लावेल?"

शेपटीने हात वर केला. "आमच्या दोरीवर!"

वकिलाने पाय हलवायचे थांबवले. मी तिला काय कर ते सांगितलं नाही. फक्त एवढं म्हटलं, की कार्डावर रागावण्यात अर्थ नसतो, त्याला विचारावं लागतं. पांढऱ्या चिमट्याची कार्डं जे प्रश्न ऐकतात तेच त्यालाही विचार. कदाचित बाबाचं खरंही असेल.

"खरं असलं तर?"

"तर त्याची जागा बरोबर आहे, एवढंच कळेल."

हे तिला पटलं. शनिवारी आईला सुट्टी होती. दोघींनी मिळून बॅटरीवालीचा वार्षिक अहवाल उघडला. मी मधूनमधून डोकावत होते. आईला त्यातलं सगळं कळत होतं असं नाही, पण रक्ताचे अहवाल वाचून तिला एक सवय लागली आहे: पहिल्या पानावरच्या फोटोंकडे ती बघतच नाही, थेट आकड्यांच्या पानांवर जाते आणि मागच्या वर्षीशी ताडून बघते. पोरीलाही तिने तेच शिकवलं.

"हे काय?"

"कर्ज."

"मागच्या वर्षी?"

"निम्मं."

"मग वाढलंय. लिहून नको ठेवूस, डोक्यात ठेव. आता नफा शोध."

"सापडत नाहीये."

"नीट शोध. घाईने नाही म्हणायचं नाही."

पोर पुन्हा सुरुवातीपासून शोधत बसली. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला, की चष्मा पुसायच्या निमित्ताने मी बाहेर आले. बापाची चूक सापडावी म्हणून ती शोधत नव्हती. नफा सापडावा म्हणून शोधत होती.

रविवारी सकाळी वाढदिवसाचा केक कापून झाला. शेपटीने त्यावरचं फूल आधीच खाल्लेलं होतं. सगळे कामाच्या खोलीत जमलो. भाचा त्याच्या खुर्चीत, मी खिडकीशी, आई दाराला टेकून, शेपूट जमिनीवर. वकील भिंतीपाशी उभी राहिली. हातात झाकणवालीचं कार्ड. तिने नवा फ्रॉक घातला होता आणि त्याचा पट्टा ती सारखा ओढत होती.

"हं, बोला वकीलसाहेब," भाचा म्हणाला. "कासवाची बाजू मांडा."

"आधी मी दुसऱ्या कार्डाबद्दल बोलू का?"

भाच्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. हो म्हणाला असं नाही, पण नको असंही म्हणाला नाही.

तिने दोरीवरच्या बॅटरीवालीला बोट लावलं. "मी याला पांढऱ्या चिमट्याचे प्रश्न विचारले. पहिला, वर्षानुवर्षं ठेवायचं तर कंपनी दरवर्षी काहीतरी कमवते का? अजून नाही. एकाही वर्षी नाही. मी दोनदा बघितलं. दुसरा, वाईट वर्ष आलं तर टिकेल का? कर्ज दुप्पट झालंय, म्हणून मला माहीत नाही. तिसरा, काय झालं की आपलं चुकलं म्हणायचं? ते कोणी सांगितलंच नाही. लावताना कोणी बोललं नाही."

"कंपनी नवीन आहे," भाचा म्हणाला. "नवीन कंपन्या आधी तोट्यातच असतात. पुढे बघ कशी वाढते."

"असेल. कदाचित वाढेल. पण मग ते शुक्रवारी सकाळी बघून पांढरा लावायला पाहिजे होता. आपण सकाळी तिचा अहवाल बघितला होता का?"

"नाही."

"का नाही?"

"कारण..." भाचा थांबला. "कारण दिवसाच्या सौद्याला लागत नाही."

"हो ना!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेपूट दचकली. "मी तेच म्हणतेय. लाल चिमट्यासाठी तू एकदम बरोबर निवडला होतास, बाबा. मी ते पण बघितलं. घेणारे खूप, विकणारे खूप, दिवसभर वर-खाली. तुला पाहिजे तसाच. तुझी निवड चुकली नाही. तुझं ठेवणं चुकलं."

मग तिचा आवाज थोडा बारीक झाला. फ्रॉकचा पट्टा पुन्हा हातात आला. "आणि ही दोरी माझी नसली तरी चालेल. यंदा नको देऊस. पण कार्ड इथे नको."

दाराशी उभी असलेली आई काही बोलायला पुढे झाली. मी तिला डोळ्यांनीच थांब म्हटलं.

भाचा पडद्याकडे वळला. पडदा बंद होता, रविवार होता. काळ्या काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसत असणार. घटकाभराने तो हसला, आधी नाकातून, मग चांगला मोकळा. माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, कचेरीत तुला कोणी असं धरलं होतं का गं कधी?"

"मला धरायची कोणाची हिंमत नव्हती," मी म्हटलं.

"माझ्या घरात आहे बघ." त्याच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. हा पोरगा शाळेत पहिला आला होता तेव्हा माझा भाऊ याच आवाजात शेजाऱ्यांना सांगत फिरला होता.

तो उठला. कार्ड पांढऱ्या चिमट्यातून काढलं, वरच्या दोरीवर नेलं आणि लाल चिमटा लावला. या वेळी मोठ्याने बोलला. "उद्या बाजार उघडला की बाहेर. जो भाव असेल तो. तोटा माझा, मुलींच्या खात्यात जेवढे होते तेवढे मी परत भरणार."

"नक्की?" आई म्हणाली.

"अहो बाईसाहेब, न्यायाधीश समोर उभ्या आहेत."

"मी वकील आहे," वकील म्हणाली.

"आता बढती झाली. आणि कासवाचं काय? परीक्षा राहिली की."

मग तिने झाकणवालीची बाजू मांडली. काय सांगू, किती छान मांडली! पाणी असो, औषध असो, तेल असो, बाटली कोणाचीही विकली गेली तरी झाकण लागतं. मोठमोठ्या कंपन्या एकमेकींशी भांडतात आणि झाकणवाली दोघींनाही झाकणं विकते. कर्ज जवळजवळ नाही. नफा फार नाही, पण एकही वर्ष चुकलेला नाही. "आणि चुकलं कधी म्हणायचं?" बापाने विचारलं. ती म्हणाली, "भाव पडला म्हणून नाही. मोठी गिऱ्हाइकं सोडून गेली, किंवा कर्ज काढायला लागली, तर." बापाने आणखी दोन वाकडे प्रश्न टाकले. एकाचं उत्तर तिला आलं नाही. ती सरळ म्हणाली, "हे मला माहीत नाही, बघून सांगते." मला तर ते उत्तर सगळ्यांत जास्त आवडलं.

भाच्याने पांढऱ्या चिमट्यांची टोपली उचलली आणि तिच्या हातात दिली. तीच जुनी टोपली, कपडे वाळत घालायची. तिने कार्ड लावलं. शेपटीला उचलून घेतलं आणि दुसऱ्या टोकाचा चिमटा तिला दाबू दिला. पैसे आले की सौदा होणार होता, कार्ड आधी लागलं एवढंच.

सोमवारी बाजार उघडताच भाच्याने बॅटरीवाली विकली. तोटा झाला तो झाला. दुपारी पैसे मुलींच्या खात्यात भरले.

आणि मंगळवारी ती मेली बॅटरीवाली उसळली. शेपूट शाळेतून आली ती थेट बापाच्या मांडीवर. पडद्यावरचं हिरवं बघून ओरडत सुटली, "बाबा, वर गेली! ताई, बॅटरी वर गेली! तुझ्यामुळे विकली!"

खरं सांगते, मी पोरीकडेच बघत राहिले. भाव वर गेलेला बघितला की भलीभली माणसं आपलं शहाणपण विसरतात, मी हे कितीदा तरी पाहिलेलं. भाचाही मुलीकडे बघत होता. त्याच्या नजरेत टोमणा नव्हता, नुसतं बघत होता.

वकिलाने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले. "किती वर?" तिने विचारलं. भाच्याने सांगितलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "ज्यांनी विचार करून ठेवली होती त्यांना मिळू दे. आपण ठेवली नव्हती, आपली नुसती राहिली होती." आणि हात धुवायला गेली.

भाचा खुर्चीत पुढे झुकला. दोन्ही कोपरं टेबलावर. "आत्या," तो हळूच म्हणाला, "हे तू शिकवलंस?"

"नाही," मी म्हटलं. "हे तिचं तिनेच."

त्या दिवसापासून घराच्या कायद्यात एक कलम वाढलं आहे, आणि ते भाच्यानेच सुचवलं. शाळेतून आलं की वकिलाने दोऱ्यांची पाहणी करायची. वरच्या दोरीवर एकही लाल दिसला तर बापाला त्याचं कारण द्यावं लागतं, उभं राहून. परवा त्याचा एक जुना दोस्त फोनवर होता, त्याला हा म्हणताना मी ऐकलं, "थांब रे, आमच्याकडे तपासणी आलीये." फोन कानाला तसाच धरून तो उठून उभा राहिला. कारण द्यायचं असं काहीच नव्हतं, उगाच आपला उभा राहिला.

वकिलाने मान वर करून बघितलं. शेपटीनेही तशीच मान वर केली. वरची दोरी रिकामी होती.

"ठीक आहे, बसा," वकील म्हणाली.